वेगाचें चित्र आणि छायाचित्रकाराची जागा

पॅरिस शहरांतील एका रुंद रस्त्याचें लुई दागेर यानें १८३८ मध्यें घेतलेलें एक छायाचित्र प्रसिद्ध आहे. भर दिवसाची वेळ, दोन्ही बाजूंस उंच घरें, कडेला झाडांच्या रांगा. परंतु रस्ता मात्र निर्मनुष्य. वास्तविक त्या वेळीं तेथून गाड्या, घोडे आणि माणसें यांची ये-जा चाललेली होती. पण चित्र उमटण्यास कांहीं मिनिटें लागत असल्यामुळें जें जें हललें तें तें चित्रांतून नाहींसें झालें. बुटांना पॉलिश करून घेण्यासाठीं एक गृहस्थ स्वस्थ उभा राहिला, त्याची आकृति तेवढी त्या रुपेरी पत्र्यावर स्पष्ट राहिली. छायाचित्रणाच्या त्या बाल्यावस्थेंत वेग हा चित्राचा शत्रु होता, आणि म्हणूनच वेगापासून छायाचित्रकाराला भय नव्हतें. चित्र काढून घेणाऱ्याची मान हलूं नये म्हणून तिला मागून लोखंडी आधार देण्याचा तो काळ. त्या काळीं रसायनांचा धोका होता. धांवत्या वस्तूंचा नव्हता.

पुढें १८५१ मध्यें फ्रेडरिक स्कॉट आर्चर यानें ओल्या कांचेची कृति प्रसिद्ध केली, १८७१ मध्यें रिचर्ड मॅडॉक्स यानें कोरड्या जिलेटिनच्या कांचेची दिशा दाखविली, आणि सेकंदाच्या लहान लहान अंशांत चित्र उमटूं लागलें. धांवणारी वस्तु कांचेवर सांपडूं लागली त्या दिवसापासून ती टिपणाऱ्या माणसाला एका नव्या प्रश्नाला तोंड द्यावें लागलें: उभें कोठें राहावयाचें? वेगाच्या छायाचित्रणाचा इतिहास बहुधा भिंगांचा, शटरांचा आणि कांचांचा इतिहास म्हणून सांगितला जातो. पण तो या एका प्रश्नाच्या उत्तरांचाहि इतिहास आहे; आणि त्यांतील चुकीच्या उत्तरांची किंमत माणसांनीं रक्तानें भरलेली आहे.

या प्रश्नाचें पहिलें मोठें उत्तर अमेरिकेंतील कॅलिफोर्नियांत मिळालें. धांवणाऱ्या घोड्याचे चारी पाय एकाच क्षणीं जमिनीपासून सुटतात कीं नाहीं, हा त्या काळीं वादाचा विषय होता. लीलँड स्टॅनफर्ड या धनिकानें त्याचा निकाल लावण्याचें काम इंग्लंडांत जन्मलेल्या एडवर्ड मायब्रिज या छायाचित्रकाराकडे सोंपविलें. १८७२ मधील पहिल्या प्रयत्नांनीं समाधान झालें नाहीं. मग जून १८७८ मध्यें पालो आल्टो येथें घोड्यांच्या धांवपट्टीलगत एका लांबट छपरींत मायब्रिजनें १२ कॅमेरे ओळीनें मांडले. दोन कॅमेऱ्यांमध्यें २७ इंचांचें अंतर होतें. समोर पांढरी भिंत होती आणि पट्टीवर आडवे दोरे ताणलेले होते. घोड्याच्या धक्क्यानें दोरा तुटला कीं विजेच्या साहाय्यानें त्या त्या कॅमेऱ्याचें शटर सुटे. सॅली गार्डनर नांवाची घोडी त्यांतून भरधांव गेली आणि तिच्या चित्रमालिकेनें वाद मिटविला. चारी पाय एका क्षणीं जमिनीपासून सुटतात हें सिद्ध झालें.

या योजनेंत ध्यानांत घेण्याजोगी गोष्ट ही, कीं घोडीच्या वाटेंत कॅमेरा धरून कोणी माणूस उभा नव्हता. माणसाच्या बोटाला तो क्षण सांपडलाच नसता. म्हणून चित्र घेण्याचें काम घोडीवरच सोंपविलें गेलें. मायब्रिजनें हें सुरक्षिततेच्या चिंतेनें केलें असें नाहीं. अचूकतेच्या गरजेनें केलें. पण अचूकता आणि सुरक्षितता या दोन्ही एकाच वाटेनें आल्या. वस्तु कोठून जाणार हें आधीं निश्चित करावयाचें, यंत्र त्या जागेवर रोखावयाचें, आणि माणसानें त्या रेषेबाहेर राहावयाचें. या प्रयोगाला एक दुसरी बाजूहि होती. दोरे तुटतांना घोडी बिचकली आणि तिच्या खोगिराचा पट्टा तुटला. तो तुटलेला पट्टा चित्रांत उमटलेला पाहून वार्ताहरांची चित्रांच्या खरेपणाविषयीं खात्री पटली. परंतु दोऱ्यानें माणसाला वांचविलें तरी प्राण्याला भिवविलें, हेंहि त्यांतून दिसलें. पुढील प्रयोगांत मायब्रिजनें घड्याळाच्या यंत्रणेनें ठराविक काळानें शटर सोडण्याची रीत स्वीकारली.

हेंच तत्त्व युरोपांत याहून कितीतरी भयंकर वेगाला लावण्यांत आलें. अर्न्स्ट माख या शास्त्रज्ञाच्या सूचनेवरून पेटर साल्खर यानें फ्यूमे येथील नौदल विद्यालयांत १८८६ मध्यें बंदुकीच्या गोळीचीं छायाचित्रें घेतलीं, आणि १८८७ मध्यें तीं संशोधनासह प्रसिद्ध झालीं. धांवत्या गोळीनेंच विजेचें मंडल पुरें करावें, त्यासरशीं ठिणगी पडावी, आणि त्या क्षणिक उजेडांत गोळी व तिच्यापुढें दाबली गेलेली हवा कांचेवर उमटावी, अशी ती रचना होती. अमेरिकेंतील मॅसॅच्युसेट्स येथील तंत्रविद्यालयांत हॅरल्ड एजर्टन यानें १९३१ पासून विजेच्या लखलखाटावर जे प्रयोग केले तेहि याच कुळांतले. १९६४ मधील सफरचंद भेदून जाणाऱ्या गोळीचें त्याचें चित्र जगप्रसिद्ध आहे. तेथें गोळीच्या आवाजानें दिवा पेटविला. माणसाला गोळीच्या वाटेकडे फिरकण्याचें कारणच उरलें नाहीं. ज्या वेगापुढें माणूस सर्वांत दुबळा, तो वेग टिपतांना तो सर्वांत सुरक्षित राहिला, याचें कारण त्यानें आपला दुबळेपणा आधींच मान्य केला होता.

धोका वाढला तो कॅमेरा तिवईवरून हातांत आल्यावर. फ्रान्समधील एत्येन-ज्यूल मारे या शरीरशास्त्रज्ञानें १८८२ मध्यें बंदुकीच्या आकाराचा एक कॅमेरा तयार केला. उडत्या पक्ष्यावर नेम धरून चाप ओढला कीं त्यांत सेकंदाला १२ चित्रें येत, आणि प्रत्येकास सेकंदाचा ७२० वा भाग पुरे होई. त्यानंतर हलके कॅमेरे आणि जलद शटर यांची भर पडत गेली. छायाचित्रकार आतां शेतांत, मैदानांत आणि रस्त्याच्या कडेला जाऊं लागला. आणि तेथें पूर्वीं आखलेली रेषा किंवा आधीं ताणलेला दोरा नव्हता.

अशा वेळीं छायाचित्रण-विद्येनेंच त्याला एका मोहांत पाडलें. समोरून आडवी जाणारी वस्तु चित्रांत चटकन पुसट होते. तीच वस्तु सरळ कॅमेऱ्याकडे येत असेल तर पुष्कळ मंद शटरानेंहि ती स्पष्ट उमटते. आडव्या गतीला सामान्यतः तिप्पट जलद शटर लागतें, असें या विद्येचीं पुस्तकें सांगतात. म्हणजे मंद कांच आणि मंद शटर जवळ असलेल्या माणसानें चांगल्या चित्रासाठीं वाहनाच्या अगदीं समोर, अथवा वाहनें जेथें मंदावतात त्या वळणावर उभें राहावें, असेंच त्याच्या साधनांचें सांगणें होतें. आणि वेगांत वळणारें वाहन सुटलें तर तें वळणाच्या बाहेरच्या बाजूलाच जातें.

सरळ समोरून येणारी वस्तु चित्रांत स्पष्ट येते याचें कारण ती भिंगापुढें डावीउजवीकडे सरकत नाहीं. ती केवळ मोठी होत जाते. पण ज्या कारणानें कांचेला ती स्थिर वाटते त्याच कारणानें डोळ्यालाहि ती स्थिर वाटते. समुद्रावरील खलाशांना हें जुनेंच ठाऊक आहे: दुसरें जहाज जवळ येत असूनहि त्याची दिशा बदलत नसेल, तर टक्कर ठरलेली. रस्त्यावरहि हिशोब तोच. सेकंदाला ३० मीटर, म्हणजे ताशीं १०८ किलोमीटर वेगानें येणारी मोटार १२० मीटरांवरून ६० मीटरांवर येण्यास २ सेकंद घेते, आणि तेवढ्यांत तिचा आकार दुप्पट होतो. पुढच्या एका सेकंदांत तो पुन्हां दुप्पट होतो, आणि त्यापुढच्या अर्ध्या सेकंदांत आणखी दुप्पट. तेव्हां ती १५ मीटरांवर असते आणि हातांत केवळ अर्धा सेकंद उरतो. चौकटीतून पाहणाऱ्याला बराच वेळ मोटार लहानच दिसते. जेव्हां ती मोठी दिसूं लागते तेव्हां पाय उचलण्याची वेळ निघून गेलेली असते.

मोटारींच्या शर्यतींचा इतिहास हा या हिशोबाचा कटु पडताळा आहे. २४ मे १९०३ रोजीं पॅरिस-माद्रिद शर्यत उघड्या रस्त्यांवरून सुरू झाली. धुळीच्या लोटांत वाहनें दिसत नव्हतीं आणि लोकांचे जमाव रस्त्याच्या कडेस लोटले होते. पहिल्याच टप्प्यांत इतके अपघात झाले, कीं शर्यत बोर्दो येथेंच थांबवावी लागली. प्राणांतिक जखमा झालेल्यांत मार्सेल रनो हा प्रसिद्ध चालकहि होता. १९०७ मध्यें इंग्लंडांत ब्रुकलँड्स येथें खास शर्यतीसाठीं बांधलेला मार्ग सुरू झाला. पण उघड्या रस्त्यांवरील शर्यती त्यानंतरहि बराच काळ चालू राहिल्या. ११ जून १९५५ रोजीं फ्रान्समधील ल मां येथें एक मोटार कडेच्या मातीच्या बांधावर आदळली, तिचे तुकडे गर्दींत शिरले आणि ८० हून अधिक माणसें मेलीं. १२ मे १९५७ रोजीं इटलींतील मिले मिल्या शर्यतींत फुटलेल्या टायरामुळें एक मोटार प्रेक्षकांत घुसली. त्यांत दोघे स्पर्धक आणि ५ मुलांसह ९ प्रेक्षक बळी पडले, आणि उघड्या रस्त्यावरील ती वेगाची शर्यत तेव्हांपासून बंद झाली.

तरीहि जवळून पाहण्याचा आणि जवळून टिपण्याचा मोह सुटला नाहीं. १९८० नंतरच्या दशकांत युरोपांतील रॅली शर्यतींत प्रेक्षक आणि हौशी छायाचित्रकार ऐन रस्त्यावर उभे राहत आणि मोटार अंगावर आली कीं क्षणभर बाजूला होत. मार्च १९८६ मध्यें पोर्तुगालमध्यें एका चालकाचा ताबा सुटला. ३ माणसें मेलीं आणि ३० हून अधिक जखमी झालीं. कुंपणाच्या आंत परवान्यानें काम करणारेहि या नियमाला अपवाद नाहींत. ७ जुलै १९१३ नव्हे, तर त्यानंतर बरोबर शंभर वर्षांनीं, ७ जुलै २०१३ रोजीं, जर्मनींतील ग्रां प्री शर्यतींत थांब्यावरून निघालेल्या मोटारीचें नीट न बसलेलें चाक निखळलें आणि दुसरीकडे चित्रण करीत असलेल्या एका कॅमेरावाल्याच्या पाठीवर आदळलें. त्याच्या फांसळ्या आणि गळ्याजवळचें हाड मोडलें. त्याचे डोळे कॅमेऱ्यांत होते. धोका आला तो चौकटीच्या बाहेरून. त्यानंतर त्या मार्गिकेंत चित्रणासाठीं येणाऱ्यांवर कडक निर्बंध घालण्यांत आले.

या मोहावर उपाय नव्हते असें मात्र नाहीं. फ्रान्समधील जाक-आंरी लार्तीग या तरुणानें १९१२-१३ च्या सुमारास एका शर्यतींतील मोटारीचें चित्र घेतलें. तिच्याबरोबर त्यानें आपला कॅमेराहि फिरविला. त्यामुळें मोटार पुष्कळशी स्पष्ट, मागील माणसें तिरपीं आणि चाक लंबवर्तुळ, असें तें चित्र आलें. पुढें मोटारीबरोबर कॅमेरा फिरविण्याची ही रीत सर्वमान्य झाली. तिचा गुण हा, कीं मोटारीच्या बाजूला आणि तिच्या रेषेबाहेर उभें राहूनहि मंद शटरानें वेग दाखवितां येतो. दुसरा उपाय लांब पल्ल्याच्या भिंगाचा. टॉमस डॅलमायर यानें १८९१ मध्यें इंग्लंडांत असें भिंग तयार केलें, आणि दुरून मोठें चित्र घेण्याची सोय झाली. परंतु लांब भिंगाची चौकट अरुंद असते, आणि तींतून पाहणारा माणूस तेवढ्यापुरता इतर जगाला आंधळा होतो. अंतरानें दिलेली सुरक्षितता लक्षाच्या एकाग्रतेनें परत घेतली जाते. म्हणून एक डोळा चौकटींत असतां दुसरा उघडा ठेवावा, मागें कुंपण असावें आणि शक्य तर पाठीशीं एक सोबती उभा असावा, असे नियम अनुभवी माणसांनीं पाळले.

कधीं कधीं धोका समोर नसून हातांतच असे. १८८७ मध्यें जर्मनींत आडोल्फ मीथे आणि योहानेस गेडिके यांनीं मॅग्नेशियमची लखलखाटी पूड तयार केली. अंधारांतील हालचाल टिपण्यास ती फार उपयोगी पडली. पण ती पूड म्हणजे एक प्रकारची दारूच होती. न्यूयॉर्कमधील गरीब वस्त्यांचीं चित्रें घेणाऱ्या जेकब रीस यानें, आपण या उजेडापायीं दोनदां घराला आणि एकदां स्वतःला आग लावली, असें लिहून ठेवलें आहे. १९२९ च्या सुमारास कांचेच्या बंद गोळ्यांतील उजेड आला आणि हा स्फोट उघड्या हातांतून गेला.

उजेड, दोरा आणि दूर राहिलेला माणूस या तिहींचा सर्वांत सुंदर संगम भारताच्या अरण्यांत झाला. संयुक्त प्रांतांत वनाधिकारी असलेल्या एफ. डब्ल्यू. चॅम्पियन यानें वाघांच्या रात्रींच्या वाटा शोधून काढल्या. त्या वाटेवर तो बारीक तार लावी आणि कॅमेरा व उजेडाचें यंत्र ठेवून निघून जाई. चालत्या वाघाचा पाय तारेला लागला कीं चित्र निघे. १९२७ मध्यें त्याचा वाघांच्या छायाचित्रांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला, आणि बंदुकीऐवजीं कॅमेरा घेऊन अरण्यांत जाण्याची प्रेरणा जिम कॉर्बेटसारख्या शिकाऱ्यालाहि त्यापासून मिळाली. चॅम्पियनचें खरें साधन तार नव्हे. वाघ कोठून जाईल हें सांगणारें त्याचें ज्ञान, हें त्याचें खरें साधन होतें.

याच्या उलट अनुभव इंग्लंडमधील पक्षि-छायाचित्रकार एरिक हॉस्किंग याला आला. १९३७ मध्यें वेल्समध्यें घरट्याजवळच्या आपल्या लपणींत रात्रीं जात असतां पिलांचें रक्षण करणाऱ्या घुबडानें अंधारांतून झडप घातली. पंखांचा आवाज न करतां येणारा तो पक्षी त्याला दिसलाच नाहीं. घुबडाची नखी डाव्या डोळ्यांत शिरली आणि तो डोळा गमवावा लागला. हॉस्किंगनें काम सोडलें नाहीं; एका डोळ्यानें त्यानें पुढें अनेक दशकें उडत्या पक्ष्यांचीं अप्रतिम चित्रें घेतलीं. पण चित्र घेण्याचा क्षण जितका धोक्याचा असतो तितकाच जागेवर जाण्याचा आणि जागेवरून परतण्याचा क्षणहि धोक्याचा असतो, हा धडा त्या अपघातानें सर्वांस दिला.

मुंबईनें वेगाचें चित्रण फार लवकर पाहिलें. हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर ऊर्फ सावे दादा यांनीं १८९९ मध्यें हँगिंग गार्डन येथें झालेल्या एका कुस्तीचें चलच्चित्र घेतलें. भारतीय माणसानें घेतलेल्या अगदीं पहिल्या चलच्चित्रांत त्याची गणना होते. कुस्तींत दोन मल्ल जीव ओतून झुंजतात, पण त्यांची झुंज आखाड्याबाहेर येत नाहीं. आखाड्याला हद्द असते, आणि कॅमेरा त्या हद्दीबाहेर असला कीं भागतें. आगगाडीला आणि भरतीच्या लाटेला अशी डोळ्यांना दिसणारी हद्द नसते.

आज कॅमेरा प्रत्येकाच्या खिशांत आहे, आणि जुना प्रश्न नव्या रूपानें पुढें आला आहे. २०१८ मध्यें प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासांत २०११ ते २०१७ या काळांत स्वतःचीं छायाचित्रें घेतांना मेलेल्या २५९ माणसांची नोंद आहे. त्यांत सर्वांत मोठा आंकडा भारताचा, आणि कारणांत बुडणें पहिलें तर आगगाडीसारखीं वाहनें दुसरीं. जानेवारी २०१६ मध्यें मुंबईंत वांद्र्याच्या किनाऱ्यावर अशीच एक तरुणी समुद्रांत पडली आणि तिला वांचवूं पाहणाराहि बुडाला; त्यानंतर पोलिसांनीं शहरांतील धोक्याचीं स्थळें निश्चित केलीं. आगगाडीच्या बाबतींत फसवणूक कशी होते हें मोजून सांगतां येतें. भारतांतील रुंद मार्गाच्या रुळांत १,६७६ मिलिमीटर अंतर असतें, तर डब्याची रुंदी सुमारें ३,२५० मिलिमीटर. म्हणजे डबा रुळाच्या बाहेर प्रत्येक बाजूस दोन ते अडीच फूट येतो. रुळापासून थोडा दूर उभा असलेला माणूस आपण मार्गाबाहेर आहों असें समजतो. गाडी मात्र त्याला मार्गांतच धरते. त्यांत खिशांतील कॅमेऱ्याचें भिंग रुंद असल्यामुळें मागून येणारी गाडी आहे त्याहून दूर भासते, आणि माणूस तर तिच्याकडे पाठ करून उभा असतो.

छायाचित्रकाराची सुरक्षितता ही केवळ त्याची खासगी बाब नव्हे, याचेंहि एक उदाहरण सर्वांच्या स्मरणांत आहे. २७ ऑगस्ट २०१५ रोजीं बेजिंग येथें २०० मीटरांची शर्यत जिंकून प्रेक्षकांना अभिवादन करीत चाललेल्या उसेन बोल्टला दुचाकी विद्युत् वाहनावरून चित्रण करणाऱ्या कॅमेरावाल्यानें मागून पाडलें. शर्यत संपली होती, वेग ओसरला होता. पण कॅमेऱ्याकडे लागलेलें लक्ष चाकांकडे नव्हतें. जगांतील सर्वांत वेगवान धांवपटूला दुखापत झाली नाहीं हें सुदैव. सॅली गार्डनरच्या तुटलेल्या पट्ट्यापासून बोल्टच्या पडण्यापर्यंत, ज्याचें चित्र घ्यावयाचें त्याला जपणें हाहि या विद्येचा भाग ठरला आहे.

या साऱ्या इतिहासांत ज्यांचीं चित्रें टिकलीं ते बहुतेक आधीं विचार करून उभे राहिलेले लोक होते. मायब्रिजनें घोडीची वाट आधीं आंखली, साल्खरनें गोळीची रेषा आधीं ठरविली, चॅम्पियननें वाघाची पायवाट आधीं वाचली. वेगवान वस्तु कोठून येईल, चुकली तर कोठें जाईल, आणि तेव्हां आपल्याला मागें सरण्यास जागा कोणती, या तीन प्रश्नांचीं उत्तरें कॅमेरा डोळ्याला लावण्यापूर्वीं मिळालेलीं असावींत. एकदां डोळा चौकटींत गेला कीं तीं शोधण्यास वेळ उरत नाहीं. ज्याला हीं उत्तरें ठाऊक असतात त्याला तो क्षणहि बहुधा सांपडतो, कारण वस्तु कोठें असेल हें ज्यानें जाणलें त्यानेंच ती केव्हां टिपावयाची हेंहि जाणलेलें असतें.